उंदराचे औषध

ही हकीकत मी पूर्वी एकदा सांगितली आहे. पण ती अर्धीच सांगितली, आणि तीही नको त्या वेळी. तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी आमच्या घरी पंगत बसली होती. माझ्यासारख्या शाळामास्तराला आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला, पंगत बसली म्हणजे काहीतरी चमत्कारिक माहिती सांगितल्यावाचून घास गोड लागत नाही. समोर आत्या बसली होती. तिच्या ताटाशेजारी रोजची गोळी ठेवलेली होती. ती पाहून मी म्हणालो, "आत्या, तू ही गोळी घेतेस ना, तिचं मूळ ठाऊक आहे का? हे उंदीर मारायचं औषध!"

सगळे हसले. आत्याही हसली. मी पुढे काही सांगणार तोच कोणीतरी श्रीखंडाचे पातेले घेऊन आले आणि विषय बदलला.

माघात एका सकाळी आत्या तुळशीपाशी कोसळली. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. आम्ही छातीठोकपणे सांगितले की, रोज घेते. रक्ताची तपासणी आली तेव्हा ते म्हणाले, "हे रक्त गोळी घेणाऱ्या माणसाचं नाही." पुढे चार दिवसांनी देवघरातल्या कुंकवाच्या जुन्या डबीत सगळ्या गोळ्या सापडल्या. एकही टाकून दिलेली नव्हती; औषध फेकायचे नाही, ही तिची शिस्त. महिन्याभराने तिची वाचा परत आली तेव्हा मी तिला विचारले. ती म्हणाली, "उंदराचं औषध रोज देवाला नमस्कार करून खायचं, मन होईना रे. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही."

तेव्हापासून ही गोष्ट पुरी सांगण्याचे ऋण माझ्यावर आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण गेली तीन वर्षे या एका गोळीचा इतिहास मी जेवढा वाचला तेवढा कोणत्याही कादंबरीसाठी वाचलेला नाही. वाचकांनी ही हकीकत इतिहास म्हणूनच वाचावी. स्वतःच्या औषधाचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावा.

गोष्ट सुरू होते ती वैरणीपासून. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि लगतच्या कॅनडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीस युरोपातून आणलेली एक चाऱ्याची वनस्पती फार पिकू लागली. तिला तिकडे स्वीट क्लोव्हर म्हणतात. आपल्या मेथीची आणि लसूणघासाची ही भावंडच. हलक्या जमिनीत येते, थंडी सोसते, आणि कापून वाळवली की तिचा वास फार गोड येतो. तो वास कूमारिन नावाच्या द्रव्याचा. शेतकरी खूष होते. पण १९२० च्या सुमारास गोठ्यांत एक विचित्र रोग शिरला. गुरे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली किंवा बैल खच्ची केला, तर एरवी घटकाभरात थांबणारे रक्त थांबतच नसे. जनावर उभ्याउभ्या रिकामे होई.

कॅनडातल्या आँटारिओ पशुवैद्यक महाविद्यालयातले फ्रँक स्कोफील्ड यांनी या रोगाचा छडा लावायला घेतला. जंतू सापडेना. तेव्हा त्यांनी एकाच गंजीतल्या काड्या निवडल्या. चांगल्या एकीकडे, बुरशी आलेल्या दुसरीकडे. चांगल्या काड्या एका सशाला घातल्या, खराब दुसऱ्याला. पहिला धडधाकट राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. इतका साधा प्रयोग, पण त्याने सिद्ध झाले की दोष गवताचा नाही, गवताला आलेल्या बुरशीचा आहे. मागाहून नॉर्थ डकोटातले ली रॉडरिक यांनी आणखी एक पायरी गाठली: या गुरांच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारे प्रोथ्राँबिन नावाचे द्रव्य कमी झालेले असते, आणि निरोगी जनावराचे रक्त वेळेवर भरले तर जनावर वाचते. उपाय म्हणून शेतकऱ्यांना एकच सांगता येत होते, की बुरशीची वैरण घालू नका. सांगणे सोपे होते. मंदीचे दिवस, बाहेर बर्फ, आणि घरात तेवढीच गंजी. ती फेकून गुरांना घालायचे काय?

अशाच एका शेतकऱ्याचे नाव या इतिहासात राहिले आहे. एड कार्लसन, विस्कॉन्सिन राज्यातल्या डीअर पार्क भागातला. त्याच्या कालवडी मेल्या, गाई मेल्या, आणि वळूच्या नाकातून रक्त गळू लागले. गावच्या पशुवैद्याने दोष वैरणीचा असल्याचे सांगितले, पण त्याचा विश्वास बसेना. हीच वैरण तर तो वर्षानुवर्षे घालीत आलेला. फेब्रुवारी १९३३ मधल्या एका शनिवारी, हिमवादळ चालू असताना, त्याने ट्रकमध्ये मेलेली कालवड घातली, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त भरले, शंभरेक पौंड खराब वैरण टाकली, आणि १९० मैल गाडी हाकीत मॅडिसन गाठले. सरकारी पशुवैद्याकडे जायचे होते. पण शनिवार! कचेरीला कुलूप. मग हा माणूस दिसेल ते दार ठोठावीत फिरला आणि विद्यापीठातल्या शेतकी रसायनाच्या प्रयोगशाळेत, कार्ल पॉल लिंक नावाच्या प्राध्यापकापुढे येऊन उभा राहिला.

हा प्रसंग मी किती वेळा मनात रंगवला असेल याला गणती नाही. लिंकपाशी उपाय नव्हता. वैरण बदल, जमल्यास रक्त भर, एवढेच तोही सांगू शकला, आणि ते तर गावच्या वैद्यानेही सांगितले होते. कार्लसन आल्या वाटेने परत गेला. तो गेल्यावर लिंकचा मदतनीस, शेफेल नावाचा एक भावनाशील जर्मन, त्या कॅनमधल्या रक्तात पुनःपुन्हा हात घालून पाहत राहिला. रक्त काही गोठेना. आपण त्या गरिबाला रिकाम्या हाताने परत पाठवले, ही टोचणी दोघांनाही लागली. पुढे लिंकने ही सगळी आठवण स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या शनिवारापासून खराब वैरणीतले विष हाती लागेपर्यंत सहा वर्षे गेली. सशांना अर्क द्यायचा, रक्त काढायचे, किती वेळात गोठते ते मोजायचे, आणि पुन्हा दुसरा अर्क. जून १९३९ मध्ये हॅरॉल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याला, रात्रभर जागून, पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे शुद्ध स्फटिक दिसले. वजन अवघे सहा मिलिग्रॅम! पुढच्या वर्षी त्याची रचना समजली आणि ते प्रयोगशाळेत बनवताही आले. गंमत अशी की, गवताला सुवास देणारे कूमारिन स्वतः निरुपद्रवी असते. बुरशी त्यात थोडा फेरफार करते आणि असे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन हे नवे द्रव्य तयार होते. त्याला डायकूमारॉल हे नाव पडले.

आता, गुरे मारणाऱ्या द्रव्याची माणसाला काय गरज? ज्याला रक्त वाहून जाण्याचीच भीती ठाऊक आहे त्याला हा प्रश्न पडेल. परंतु रक्ताचे दुसरेही एक संकट आहे: नको तिथे गोठणे. शस्त्रक्रियेनंतर वा बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत गुठळी होई, ती सुटून फुप्फुसात जाई, आणि घरी जायला निघालेला माणूस पाच मिनिटांत जाई. गुठळी एके ठिकाणी होते आणि रक्तातून वाहत दुसरीकडे जाऊन अडकते, हे जर्मनीतल्या रुडॉल्फ फिरचो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिले होते. पण ती होऊ नये म्हणून द्यायचे काय? आपल्याकडे सुश्रुताने जळवांचे वर्णन केले आहे. त्या जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये सांगितले. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शोधत होता एक आणि सापडले भलतेच, त्यातून पुढे हेपॅरिन आले. हेपॅरिन उत्तम, पण ते टोचावे लागते. तोंडाने घेण्याजोगे औषध नव्हते, ते या वैरणीने दिले. १९४१ पासून मेयो क्लिनिकसारख्या ठिकाणी डायकूमारॉल माणसांना दिले जाऊ लागले.

आता उंदराकडे येऊ. १९४५ मध्ये लिंक नौकाविहारात भिजला, आजारी पडला आणि काही महिने क्षयाच्या आरोग्यधामात पडून राहिला. पडल्यापडल्या त्याने वाचायला घेतला उंदीरनाशाचा इतिहास. उंदीर फार धूर्त; एक उंदीर खाऊन लगेच मेला की बाकीचे त्या आमिषाला तोंड लावीत नाहीत. म्हणजे मारायचे तर सावकाश मारणारे द्रव्य हवे. डायकूमारॉल त्यासाठी पुरेसे जोरदार नव्हते, पण त्याच घराण्यातली शंभराहून अधिक द्रव्ये त्याच्या प्रयोगशाळेने बनवून ठेवली होती. त्यांतले ४२ वे निवडले गेले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन त्याला वॉर्फरिन हे नाव दिले, आणि १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले.

मी पंगतीत सांगितली ती गोष्ट इथवरचीच. श्रीखंड दोन मिनिटे उशिरा आले असते तर पुढचे सांगून झाले असते.

पुढची हकीकत अशी. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाने जीव देण्यासाठी हेच औषध घेतले. तो वाचला, रक्त भरून आणि के जीवनसत्त्व देऊन पूर्ण बरा झाला. के जीवनसत्त्व हा त्याचा उतारा. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करताना ते सापडले होते. 'कोआग्युलेशन'मधला 'के' घेऊन त्यांनी १९३५ मध्ये हे नाव ठेवले आणि १९४३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा झाला. विष आहे, पण त्याला खात्रीचा उतारा आहे, हे कळल्यावर डॉक्टरांचे धैर्य वाढले. १९५४ मध्ये वॉर्फरिन माणसांसाठी मंजूर झाले, आणि १९५५ मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते त्यांना देण्यात आले. उंदराचे औषध राष्ट्राध्यक्षाने घेतले! हे मी त्या पाडव्याला सांगितले असते, तर आत्याला आपल्या गोळीचा अभिमानच वाटला असता. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

आता आत्याच्या हृदयाविषयी. लहानपणी तिला सांधे सुजण्याचा ताप आला होता. गुडघे सुजले, उतरले, सगळे विसरले. परंतु या र्‍हुमॅटिक तापाची खोड अशी की, तो सांध्यांवरून निघून जातो आणि हृदयाच्या झडपेवर खूण ठेवून जातो. झडप अरुंद होते, वरचा कप्पा ताणतो, आणि पुढे केव्हातरी तो आकुंचन पावायचे सोडून नुसता थरथरू लागतो; मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा. मग नाडीला ताल राहत नाही. तबलजी सम चुकला तरी ठेक्यावर परत येतो. इथे ठेकाच नसतो.

अशी नाडी वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिचे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. इंग्लंडातल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात जेम्स मॅकेंझी हा साधा गावडॉक्टर आपल्या रोग्यांच्या नाड्या यंत्राने कागदावर उतरवून वर्षानुवर्षे जपून ठेवी. झडप अरुंद झालेल्यांची नाडी ज्या दिवशी बेताल होते, त्या दिवसापासून वरच्या कप्प्याची लाट कागदावरून नाहीशी होते, हे त्याने ओळखले. मागून हॉलंडच्या आइन्टहोव्हेन यांचे हृदयाची वीज टिपणारे यंत्र आले. रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे, असे ते अगडबंब प्रकरण होते. त्याच्या साहाय्याने लंडनच्या टॉमस ल्युइस यांनी १९०९ मध्ये ही थरथर पक्की दाखवून दिली.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त फिरत नाही, साचते. डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते, सदऱ्याच्या खिशासारखी. गुठळी बहुधा तिथे धरते. तिथून सुटली तर सरळ मेंदूकडे. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावच्या पाच हजारांवर माणसांची प्रकृती १९४८ पासून टिपून ठेवली जात होती; तिच्यावरून १९७८ मध्ये फिलिप वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. बेताल नाडीच्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या पाचपटींहून अधिक. आणि जोडीला र्‍हुमॅटिक तापाने खराब झालेली झडप असली तर सतरापट. आत्या या सतरापटीत होती.

यानंतर कोपनहेगनमध्ये हजारावर रोग्यांना घेऊन पडताळा झाला. १९८९ मध्ये त्याचा निकाल आला, मग इतर देशांतले आले, आणि सगळ्यांची बेरीज केली तेव्हा दिसले की, वॉर्फरिनने अशा माणसांतले पक्षाघात सुमारे दोन-तृतीयांशांनी कमी होतात. अॅस्पिरिनने जेमतेम एक-पंचमांश.

विजेचा सौम्य धक्का देऊन ताल पुन्हा जागेवर आणण्याची युक्ती बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये पुढे आणली. वाटले, रोगच गेला, आता गोळी कशाला? पण साचलेली गुठळी नेमकी ताल परत आल्यावरच सुटण्याचा संभव असतो, म्हणून साधारणपणे धक्क्याआधी तीन आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे गोळी चालू ठेवतात. २००२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४,०६० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ताल सुधारण्याचे उपचार, निम्म्यांचा नुसता वेग आवरायचा. कोणती रीत बरी, हा प्रश्न होता. त्या पाहणीत एक ओळ अशी आहे की ती मी रात्री दिव्याखाली वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले: दोन्हीकडचे बहुतेक पक्षाघात गोळी थांबवल्यानंतर किंवा गोळीचा जोर कमी पडल्यावर झालेले होते.

ही गोळी मोठी मानी आहे, हेही खरे. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर कार्लसनच्या गाईची गत. एकाला पुरणारी मात्रा दुसऱ्याला तिप्पट होते. पालक, मेथी, अळू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर. एके दिवशी अळूची भाजी वाडगाभर आणि पुढे आठवडाभर पानही नाही, असे केले की हिशेब चुकतो. पालेभाजी सोडायची नसते, रोज सारखी खायची असते; आमच्या घरी हे समजायला वर्ष लागले. शिवाय दर काही दिवसांनी रक्त तपासायचे. ती तपासणी मिलवॉकीच्या आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये दिली; पण प्रत्येक प्रयोगशाळेचे उत्तर निराळे येई, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये सगळ्यांना एकच माप लावले. आयएनआर म्हणतात तो हाच आकडा. बेताल नाडीसाठी तो बहुधा दोन आणि तीन यांच्या दरम्यान राखतात. आणि 'रक्त पातळ करणारी गोळी' हे नावही तसे खोटेच. रक्त पाण्यासारखे होत नाही, गोठायला वेळ लागतो इतकेच. पण नाव एकदा पडले की पडले.

२०१० नंतर नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना पालेभाजीचे वावडे नाही आणि दर महिन्याचे रक्त काढणेही नाही. पुष्कळ रोग्यांना आज त्याच देतात. आत्याच्या नशिबी मात्र जुनीच राहिली. र्‍हुमॅटिक झडपेच्या रोग्यांवर, भारतासह चोवीस देशांत, साडेचार हजारांवर माणसे घेऊन एक मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचा निकाल लागला, तेव्हा नव्या गोळीपेक्षा जुन्या घराण्याच्या गोळ्यांवर असलेली माणसे अधिक जगली. हा ताप गरिबीचा, दाटीवाटीच्या घरांचा. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, आपल्याकडे अजून आहे. म्हणून विस्कॉन्सिनच्या कुजलेल्या वैरणीचा वंश आमच्या देवघरापर्यंत टिकून आहे.

आत्या आता काठी घेऊन चालते. उजव्या हाताने करंजी मुरडता येत नाही; डाव्या हाताने कातणे फिरवते आणि सुनांच्या चुका काढते. ही सगळी गोष्ट मी तिला पावसाळ्यात तीन संध्याकाळी बसून सांगितली. आयझेनहॉवर तिला विशेष आवडला नाही. "तो मोठा माणूस, त्याला कोणीही वाचवलं असतं," म्हणाली. कार्लसनपाशी मात्र थांबली. "बर्फातनं एवढ्या लांब गेला, आणि कचेरी बंद?" असे दोनदा विचारले. मग बराच वेळ गप्प बसली.

माफी मागायचे मी पुष्कळदा मनात आणले. तसा विषय निघाला की ती हात झटकते. रोज दिवेलागणीला, निरांजन लावून झाले की, ती खणखणीत आवाजात मला हाक मारते. उच्चार थोडा अडखळतो, पण शब्द शेजारच्यांनाही ऐकू जातात: "मास्तर, आणा माझं उंदराचं औषध!"